आबांना कोट घालण्याआधी

हिंगोली जिल्ह्यात लग्नसराईत कमावतो तो शूटिंगवाला आणि पितृपक्षात कमावतो तो जुने फोटो नीट करून देणारा. तुम्हाला यातला दुसरा व्हायचंय, म्हणून हे मार्गदर्शन. पहिला धडा वेळापत्रकाचा. फोटो वर्षानुवर्षं माळवदाच्या घरात, चुलीच्या धुरात, खिळ्याला लटकलेला असतो. तेव्हा त्याची कुणाला घाई नसते. तुमच्याकडे तो येतो तेराव्याच्या आदल्या दिवशी, शटर अर्धं खाली ओढल्यावर. "भाऊ, एवढा आमच्या आबाचा फोटो करून द्या. फ्लेक्सवाला थांबलाय." फ्लेक्स सहा फूट उंच. आबांचा चेहरा करंगळीच्या नखाएवढा, तोही वऱ्हाडाच्या ग्रुप फोटोत, मागच्या रांगेत, पुढच्या माणसाच्या फेट्याआड. इथे 'जमणार नाही' म्हणणाऱ्याने दुसरा धंदा बघावा. वसमतला हळदीचा चांगला आहे.

मूळ फोटो मागून घ्या. गिऱ्हाईक म्हणेल, व्हॉट्सॲपवर टाकलाय की. उघडून बघा. भिंतीवरच्या फ्रेमचा खालून काढलेला फोटो. आबांच्या कपाळावर आडवी ट्यूबलाइट, छातीवर नातवाच्या मोबाइलचं प्रतिबिंब, गळ्यात प्लॅस्टिकचा हार. व्हॉट्सॲप फोटो पाठवताना तो दाबून लहान करतं, त्यामुळे उरल्यासुरल्या आबांचाही चुरा होऊन तुमच्यापर्यंत पोचतो. फ्रेम आणणं शक्यच नसेल (फ्रेम सेनगावला आणि नातू चाकणच्या कंपनीत, असं असतंच) तर गावातल्या कुणाला तरी काच काढून, दिवसा, दाराशी सावलीत फोटो काढायला सांगा आणि तो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला लावा.

काच काढा म्हणताना एक अट मात्र ठणकावून घाला: फोटो काचेला चिकटला असेल तर ओढायचा नाही. जुन्या कृष्णधवल फोटोत कागदावर जिलेटिनचा थर असतो आणि चित्र त्या थरातल्या चांदीच्या बारीक कणांचं असतं. पावसाळ्यात पत्र्याखाली ओल धरली की जिलेटिन मऊ पडतं, काचेला धरतं आणि पुढच्या उन्हाळ्यात वाळून तिथेच पक्कं होतं. असा फोटो ओढला की कागद हातात येतो आणि आबा काचेवर राहतात. त्याला काचेसकट स्कॅनरवर पालथा घाला. स्कॅन जरा मंद येईल, चालेल. आणि पाणी लावू नका. फोटो दुकानात न्यायचाय म्हणून आदल्या रात्री तो ओल्या फडक्याने लख्ख पुसणारं घर तुम्हाला पहिल्याच आठवड्यात भेटेल. त्या घरी आबांचं नाक गेलेलं असेल.

स्कॅन करताना हात आखडू नका. चार बाय सहा इंचांच्या फोटोला ६०० डीपीआय पुरतं, २,४०० बाय ३,६०० पिक्सेल मिळतात. पासपोर्ट फोटोला १,२००च्या खाली उतरू नका. फोटो कृष्णधवल असला तरी स्कॅन रंगीतच करा, का ते हळद-कुंकवापाशी कळेल. फाईल टिफमध्ये ठेवा. जेपेग दर वेळी बदल करून सेव्ह केली की थोडी झिजते. पहिला स्कॅन वेगळ्या फोल्डरात टाका आणि त्याला पुन्हा हात लावू नका.

कागद पालथा घातलाच आहे तर त्याची पाठही वाचा. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ला परभणीतून वेगळा झाला. पण फोटोंच्या हिशेबाने १७ सप्टेंबर १९४८पर्यंत तो निजामाच्या हैदराबाद संस्थानात आहे. तेव्हाच्या फोटोमागे मजकूर उर्दू, आकडे उर्दू आणि सन फसली असू शकतो. गिऱ्हाईक उर्दू शाळेतल्या मास्तरांकडून आकडा वाचून आणतं आणि छाती काढून सांगतं, तेराशे एक्कावन्नचा फोटो हाय. आता, संत नामदेवांची समाधी १३५०ची मानतात. म्हणजे नर्सीचे नामदेव महाराज पंढरपुरी समाधिस्थ झाले आणि पुढच्याच वर्षी यांचे आबा स्टुडिओत जाऊन खुर्चीवर बसले. शांतपणे ५९० मिळवा: १९४१. हैदराबादचं फसली वर्ष ऑक्टोबरात सुरू व्हायचं, म्हणून १९४१-४२ म्हणा. घराणं एका बेरजेत जवळजवळ सहाशे वर्षांनी धाकटं झाल्याचं दुःख समोरच्याच्या चेहऱ्यावर दिसेल. तिकडे बघू नका.

दुसरा दावा राजा दीनदयाळांचा. निजामाचे दरबारी छायाचित्रकार, सिकंदराबादेत त्यांचा स्टुडिओ, त्यामुळे पिवळट दिसणारा प्रत्येक फोटो त्यांच्या हातचा ठरवणारे लोक भेटतात. दीनदयाळ १९०५मध्ये गेले. फोटोत आबांच्या मांडीवर ट्रान्झिस्टर असेल तर वाद घालायचं कारण नाही.

आता हळद-कुंकू. फोटोची काच फुटलेली असते आणि पूजा थांबलेली नसते. दर अक्षयतृतीयेला, दर पित्राला एकेक बोट थेट कागदावर टेकलेलं असतं. नवशिके इथे ब्रश घेऊन बसतात आणि रात्र घालवतात. ब्रश ठेवा. रंगीत स्कॅन म्हणजे लाल, हिरव्या आणि निळ्या प्रकाशातले तीन करडे फोटो, एकावर एक ठेवलेले. फोटोशॉपमधल्या चॅनेलच्या पट्टीत जाऊन ते वेगवेगळे उघडून बघा. हळद निळा प्रकाश शोषते, म्हणून ब्ल्यू चॅनेलमध्ये तिचा डाग काळाकुट्ट दिसतो आणि रेड चॅनेलमध्ये जवळजवळ नाहीसा होतो. कुंकूही लाल, तेही रेडमध्ये विरतं. तेवढा एक चॅनेल ठेवा, बाकीचे दोन टाकून द्या, आणि वर्षानुवर्षांची पूजा एका क्लिकमध्ये उतरते. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालंय, तिचा रंग पक्का असतो. रेड चॅनेलपुढे तिचंही काही चालत नाही.

याच युक्तीने आणखी एक गोष्ट कळते. आजीच्या कपाळावर गोल ठिपका आहे. तो फोटो काढतानाचा की नंतर कुणी लावलेला? कृष्णधवल फोटोतलं कुंकू चांदीचं आहे, काळं आहे, ते तिन्ही चॅनेलमध्ये काळंच राहणार. रेडमध्ये उरलं ते आजीचं, गेलं ते घरच्यांचं. हे घरच्यांना सांगायचं की नाही, याचं बटन फोटोशॉपमध्ये नाही. आजोबा आधी गेलेले असतील आणि फोटो त्यानंतरचा असेल तर कपाळ मोकळं असतं, आणि नातवंडांना ते बघवत नाही. "टिकली लावा की मोठी." थोरला लाव म्हणतो, धाकटा नको म्हणतो, आणि म्हातारीला कुणी विचारलेलं नसतं, कुंकू पुसलं तेव्हा नाही, आता लावतानाही नाही. माझं मत विचाराल तर कपाळ होतं तसं ठेवावं. धंदा विचाराल तर दोन प्रिंट काढाव्या आणि पैसे दोन्हींचे घ्यावे.

आजीचा फोटो मागितला की पुष्कळ घरांतून फोटो येतच नाही, कागदपत्र येतं. १८९२मध्ये दीनदयाळांनी हैदराबादेत फक्त बायकांसाठी जनाना स्टुडिओ काढला होता, फोटो काढणारीही बाईच होती. पण ती सोय पडद्यातल्या बड्या घरच्या बायकांची. कळमनुरी तालुक्यातल्या मजुरीला जाणाऱ्या आजीला कॅमेऱ्यासमोर बसवलं ते सरकारने. टी. एन. शेषन यांनी १९९३मध्ये फोटोचं मतदार ओळखपत्र आणायचं ठरवलं, मग गावोगाव म्हाताऱ्या रांगेने स्टुलावर बसल्या आणि 'इकडं बघा' म्हणेपर्यंत उठल्याही. त्या ओळखपत्रावर माणूस ओळखू येत असेल तर एकदा नाव तपासून घ्या. नाहीतर मग बँकेचं पासबुक, नाहीतर संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज: फोटोवर अर्धा गोल शिक्का, सही हनुवटीवरून गेलेली, स्टेपलरची पिन गंजून गालात उतरलेली.

निळ्या शाईचा शिक्का ब्ल्यू चॅनेलमध्ये फिका पडतो आणि गंज रेडमध्ये. एकाच फोटोवर हळद आणि शिक्का दोन्ही असतील तर देव आणि तहसील यांपैकी एक निवडावा लागतो. राहील तो हाताने काढायचा. काढण्याआधी तो शिक्का काय म्हणतो तेही बघा. हैदराबाद मुक्तिसंग्रामातल्या स्वातंत्र्यसैनिकाच्या निवृत्तिवेतनाच्या कागदावरचा फोटो असेल तर साफ केलेल्या प्रतीबरोबर शिक्क्यासकटची एक प्रत, न मागता, द्या. नातवाला ती नको असते. पणतू मागायला येतो.

आता ब्रश. हीलिंग ब्रश फोटोशॉपच्या सातव्या आवृत्तीत, २००२मध्ये आला, म्हणजे तो हिंगोली जिल्ह्याहून तीन वर्षांनी लहान. त्याच्या आधीपासूनचा क्लोन स्टॅम्प इकडचा तुकडा उचलून जसाच्या तसा तिकडे लावतो. हीलिंग ब्रश फक्त पोत उचलतो. रंग आणि उजेड आजूबाजूचा घेतो. म्हणून गालावर हीलिंग, फेट्याच्या काठावर क्लोन. काठावर हीलिंग चालवलं की फेटा कपाळात ओघळतो आणि आबा अपघातातून उठल्यासारखे दिसतात.

त्याहून आळशी लोकांसाठी 'डस्ट अँड स्क्रॅचेस' नावाचा फिल्टर आहे. तो बारीक काळे ठिपके शोधून पुसतो. आपल्याकडच्या म्हाताऱ्यांच्या हनुवटीवर काय असतं? गोंदणाचा ठिपका. फिल्टरच्या लेखी बुरशी आणि गोंदण एकाच जातीचे. शेजारणीसमोर मूठ आवळून, रडू दाबून काढून घेतलेलं गोंदण, जे मेल्यावर बरोबर येतं म्हणून काढलं, ते तुम्ही चहा येईपर्यंत घालवलेलं असतं. डाग आणि गोंदण असं ओळखा: धुळीचा ठिपका स्कॅनरच्या काचेवरचा किंवा कागदावरचा असतो, त्यामुळे चेहरा धूसर असला तरी तो धारदार दिसतो. गोंदण चेहऱ्याइतकंच धूसर असतं. बुरशीला चेहऱ्याची हद्द कळत नाही, ती गालावरून सरळ मागच्या पडद्यावर जाते. आणि ओरखडा नाकावरून जाताना वाकत नाही, सुरकुती वाकते.

औंढ्याजवळ दुधाळ्याला लायगो प्रयोगशाळा उभी करायचं चाललंय. २०२३मध्ये केंद्राने २,६०० कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्यांतून प्रोटॉनहून बारीक थरथर मोजायची आणि ट्रक, वारा, जमिनीचे हादरे यांच्या गोंगाटातून अवकाशातली खरी गुरुत्वीय लाट वेगळी काढायची, असं ते काम. म्हणजे पुढे जिल्ह्यात दोन ठिकाणी माणसं पडद्याला डोळे लावून विचारत बसणार, हा खरा ठिपका की कचरा? लायगोवाल्यांना एक सवलत आहे, त्यांच्याकडे उद्या तेरावा नसतो.

एवढं सगळं कशाला, एआयचं बटन आहे की, असं तुम्ही म्हणणार. आहे. २०२१पासून जीएफपीगॅनसारखी फुकट साधनं आहेत. फुटका, विटका चेहरा द्या, निमिषात डोळे-पापण्यांसह चकचकीत चेहरा परत मिळतो. तो कुठून येतो तेवढं समजून घ्या. हे साधन फ्लिकर या संकेतस्थळावरून गोळा केलेल्या ७०,००० चेहऱ्यांवर शिकलंय. त्यात डोईवर पदर, नाकात नथ, हनुवटीवर गोंदण आणि तंबाखूने काळे पडलेले दात असे चेहरे किती असतील, तुम्हीच अंदाज करा. हरवलेला चेहरा ते शोधत नाही, त्या जागी शोभेलसा दुसरा बसवतं. आबा दोन छटांनी उजळ होतात, दात सरळ होतात, एका डोळ्यातलं फूल जातं आणि दोन्ही डोळ्यांत स्टुडिओतल्या दिव्याची चमक येते. मुलं खूश होतात. मग घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला दाखवा. ती फोटो लांब धरते, जवळ धरते आणि विचारते, "ह्यो कोणाचा सोयरा?"

बटन दाबायचंच असेल तर निकाल वेगळ्या लेअरवर ठेवा, त्याची अपारदर्शकता पाव-तिसऱ्या हिश्शावर आणा, आणि डोळे, ओठ, जखमेच्या खुणा यांच्यावरून तो लेअर पुसून मूळ खाली दिसू द्या. कपड्यांवर, खुर्चीवर, मागच्या पडद्यावर एआय मनसोक्त वापरा. खुर्चीची बहीण येऊन भांडत नाही. फेब्रुवारी २०२१मध्ये मायहेरिटेजने फोटोतला चेहरा हलवून दाखवणारं 'डीप नॉस्टॅल्जिया' काढलं, तसली साधनं आता मोबाइलवरही मिळतात. आबा मान वळवतात, पापण्या मिटतात आणि गोड हसतात. ज्या आबांच्या नुसत्या खाकरण्याने ओसरी रिकामी व्हायची, त्यांचं असं काही तेराव्याला स्क्रीनवर लावू नका. मांडवात म्हातारी माणसं असतात.

रंग भरायची हौस सगळ्यांना असते. इथे एक जुनी तांत्रिक भानगड आहे. पूर्वीच्या अनेक स्टुडिओंत ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म किंवा काचेच्या प्लेटा असायच्या. त्यांना लाल रंग दिसतच नाही. लाल फेटा, लाल लुगडं, कुंकू, सगळं काळं उतरतं आणि निळं मात्र फिकं पांढरं होतं. तुम्ही काळा फेटा बघून काळा रंगवाल. ज्या लग्नात तो फोटो निघाला तिथे काळा फेटा बांधून कोण जाईल? एआयही तेच करतं, करड्यावरून ठोकून देतं. त्यामुळे रंग सॉफ्टवेअरला विचारू नका, आत्याला विचारा. आत्या सांगेल, लुगडं हिरवंच होतं, बांगड्यांना जुळतं घेतलेलं. दुसरी आत्या सांगेल, जांभळं. कृष्णधवल प्रिंट द्या.

सत्तर-ऐंशीच्या दशकांतले रंगीत फोटो लालसर झालेले असतात, कारण अंधारात पेटीत राहिलेल्या त्या काळच्या प्रिंटमधला निळसर सायन रंग आधी उडतो. तिन्ही चॅनेलचे लेव्हल्स वेगवेगळे ओढा, अर्धं काम तिथेच होतं.

सगळ्यात अवघड मागणी जोडीच्या फोटोची. माय-बापाचा एकत्र फोटो कधी निघालाच नाही. दोन फोटोंचा एक करून द्या. हे काम नवशिक्यांना सोपं वाटतं, कापा आणि चिकटवा. आधी नाकाची सावली बघा: त्याची उजवीकडे पडलेली, तिची डावीकडे, म्हणजे एकाच खोलीत दोन सूर्य. मग तुम्ही तिचा फोटो आरशासारखा उलटा करता. सावली जुळते आणि पदर उजव्या खांद्यावर जातो, नथ उजव्या नाकपुडीत जाते. कळमनुरीची आजी एका क्लिकवर गुजराती झालेली असते. उलटायचंच असेल तर त्याला उलटा, धोतर-बंडीतला माणूस दोन्हीकडून सारखाच दिसतो. फक्त गालावर मस असेल तर आधी विचारा. बायको नवऱ्याच्या डाव्या हाताला, म्हणजे बघणाऱ्याच्या उजवीकडे. दोघांचे डोळे एका रेषेत आणू नका. ती साधारण त्याच्या कानापर्यंत येईल अशी ठेवा, नाहीतर एक जण स्टुलावर उभा वाटतो.

हे सगळं जमतं. जमत नाही ते वय. बाप पस्तिशीत विहिरीचं काम करताना गेलेला, त्याचा एकच फोटो, जत्रेतल्या रंगवलेल्या पडद्यापुढचा, काळ्याभोर मिशांचा. माय पंच्याऐंशीव्या वर्षी गेली, तिचा फोटो आधार कार्डाच्या वेळचा. शेजारी शेजारी ठेवले की ती त्याची आजी दिसते. मुलगा, जो स्वतः आता फोटोतल्या बापाहून मोठा आहे, बराच वेळ पडद्याकडे बघत राहतो आणि म्हणतो, बापाला म्हातारा करा. किंवा मायला तरणी करा. काय ते करा, पण जोडी दिसायला पाहिजे.

दोन्ही करता येतं. सुरकुत्यांचं साधन आहे, तारुण्याचंही आहे, आणि दहा मिनिटांत जो पांढऱ्या मिशांचा माणूस पडद्यावर येतो तो छान दिसतो. फक्त तो कधी जगलेला नाही. तरण्या केलेल्या मायचंही तेच. पस्तिशीतली माय कशी दिसायची हे सांगू शकणारी एकमेव व्यक्ती समोर बसलेली असते आणि तेव्हा ती पाळण्यात होती. मी वयं आहेत तशी ठेवतो. चौकट एक, पडदा एक, मध्ये वीतभर जागा, पस्तिशीचा बाप आणि पंच्याऐंशीची माय. पहिल्यांदा मुलगा नाराज होतो. मायने पन्नास वर्षं एकटीने काढली हे फोटोत दिसतंय, असं काही त्याला सांगायला जाऊ नका. तो तिथेच होता. सुरकुत्या घातलेली प्रतही करून ठेवा, कारण बहिणीला तीच हवी असते.

कोटाचं राहिलं. आबांना सूट, टाय, खिशात पेन आणि मागे काश्मीरसारखा बगीचा, ही मागणी दर महिन्याला येते. यावर उपदेश करू नका. जुन्या काळी स्टुडिओतच भाड्याचा कोट ठेवलेला असायचा आणि आबांच्या पिढीने तो हौसेने घातलाय. निगेटिव्हवर पेन्सिल चालवून खड्डे भरणारे कारागीरही तेव्हाच होते. कोट घाला, फक्त मान बदलू नका. कोटाबरोबर मिळालेली गोरीपान मान आणि रापलेला चेहरा यांच्यामध्ये कॉलरवर जी रेघ दिसते, ती सहा फुटांच्या फ्लेक्सवर बस स्टँडच्या पलीकडून दिसते.

पैसे आधी घ्या. फोटो दाखवल्यावर घरात मिशांवरून वाद सुरू होतो आणि तो मिटेपर्यंत वर्षश्राद्ध येतं. चुलत्याला मिशा जाड हव्यात, थोरल्याला आठवतंय की शेवटी आबांनी मिशा काढल्या होत्या, आणि मुंबईहून फोनवर असलेल्या जावयाला आबा जरा हसरे हवेत. सगळ्यांचं ऐका आणि कुठल्याही फाईलला 'फायनल' नाव देऊ नका. माझ्या संगणकावर आत्ता 'आबा_फायनल', 'आबा_फायनल_मिशा', 'आबा_फायनल_मिशा_बारीक' आणि 'आबा_जुनाच_बरा' अशा चार फायली आहेत. फ्लेक्सवाल्याने तिसरी छापली. मुलगा चौथीचे पैसे द्यायला परवा येतो म्हणालाय.